बारा वर्षे शेडमध्ये पडून असलेला कब कॅडेट १२२ सुरू करावा की भंगारात द्यावा?

तुम्ही लिहिले आहे की ओहायोत घेतलेल्या घराच्या शेडमध्ये आधीच्या मालकाने इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट १२२ हा बागकामाचा लहान ट्रॅक्टर, त्याचा गवत कापण्याचा डेक आणि बर्फ ढकलण्याचे पाते मागे ठेवले आहे. तो बारा वर्षे चाललेला नाही, आणि नवी बॅटरी लावून थेट किल्ली फिरवावी की सगळेच भंगारवाल्याला द्यावे, असे तुम्ही विचारले आहे. मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि याच जातीचे दोन ट्रॅक्टर मी स्वतः खोलून उभे केले आहेत, त्या अनुभवावरून सांगतो : भंगारात मुळीच देऊ नका, पण किल्लीला इतक्यात हातही लावू नका.

आधी हे यंत्र काय आहे ते पाहू. कब कॅडेट १९६०-६१ च्या सुमारास केंटकीतील लुइव्हिल येथे बनू लागला आणि १९८१ मध्ये इंटरनॅशनलने हा व्यवसाय एमटीडी कंपनीला विकला. १२२ हे मॉडेल १९६५ ते १९६७ या काळातले आहे. त्यात कोहलरचे के३०१ हे एका सिलिंडरचे, १२ अश्वशक्तीचे, ओतीव लोखंडाचे इंजिन असते, आणि मागचा गिअरबॉक्स फार्मऑल कब या खऱ्याखुऱ्या शेतीच्या ट्रॅक्टरवरून घेतलेला आहे. वडिलांच्या महिंद्रा बी-२७५ चा तुम्ही उल्लेख केला आहे म्हणून सांगतो, तोही मूळचा इंटरनॅशनलचाच आराखडा. १९६३ मध्ये महिंद्राने त्या कंपनीशी भागीदारी करून मुंबईत ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. कोहलरची याच मालिकेतील इंजिने जॉन डीअर ११० आणि व्हील हॉर्स या बागेच्या ट्रॅक्टरांतही बसवली जात असल्यामुळे त्यांचे सुटे भाग आजही सहज मिळतात, आणि दुरुस्तीच्या दृष्टीने ही सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

आता किल्ली का फिरवायची नाही, ते सांगतो. हे इंजिन वाऱ्याने थंड होते. फ्लायव्हीलच्या पंख्याचा वारा पत्र्याच्या आवरणाखालून सिलिंडरवरच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर ढकलला जातो, आणि बंद शेडमधल्या उंदरांना घरटे करायला त्या आवरणाखालच्या जागेइतकी उबदार जागा दुसरी सापडत नाही. माझा पहिला ट्रॅक्टर मी आवरण न काढता सुरू केला. तो पहिल्या झटक्यात सुरू झाला, मला आनंदही झाला, आणि अर्ध्या तासाने त्याचा जोर एकाएकी गेला. पत्रा काढला तेव्हा हेडच्या पट्ट्यांमध्ये वाळलेले गवत, चिंध्या आणि अक्रोडाची टरफले इतकी घट्ट बसली होती, की ती स्क्रू ड्रायव्हरने कोरून काढावी लागली. पिस्टनला आणि सिलिंडरला ओरखडे पडले होते. सिलिंडर दहा थाऊ, म्हणजे ०.०१० इंच मोठा करून त्या मापाचा पिस्टन बसवावा लागला आणि सगळा हिवाळा त्यातच गेला. तेव्हा तुम्ही पहिले काम हेच करा : पत्र्याची सगळी आवरणे उतरवा आणि पट्ट्या ब्रशने स्वच्छ करा.

दुसरी गोष्ट ऑइलची. या इंजिनाला ऑइल पंप नाही. कनेक्टिंग रॉडच्या तळाशी असलेली लहानशी पळी ऑइलमध्ये बुडते आणि तेच ऑइल उडवून सगळ्या भागांना पोहोचवते. रॉड ॲल्युमिनियमचा आहे आणि त्यात वेगळे बेअरिंगही नसते. ऑइल थोडे कमी पडले तरी रॉड क्रँकला धरतो, तुटतो आणि ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. म्हणून जुने ऑइल पूर्ण काढून टाका, त्याचा वास घ्या आणि रंग पाहा. पेट्रोलचा वास आला तर कार्ब्युरेटरमधील फ्लोटची सुई गळते आहे असे समजा, कारण टाकी इंजिनाच्या वर असल्यामुळे पेट्रोल आपोआप खाली उतरत राहते. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. नवे ऑइल एसएई ३० प्रतीचे भरा, आणि पुढे चालवतानाही दर वेळी पातळी पाहिल्याशिवाय सुरू करू नका.

त्यानंतर प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर पातळ ऑइल सोडा, एक रात्र तसेच राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या पुलीने इंजिन हाताने फिरवून पाहा. ते अडले तर जोर लावू नका, पुन्हा ऑइल सोडून थांबा. फिरू लागले की व्हॉल्व्हचे झाकण उघडून दोन्ही व्हॉल्व्ह वर-खाली होतात का ते पाहा. थंड इंजिनावर इनटेकची फट ०.००८ ते ०.०१० इंच आणि एक्झॉस्टची ०.०१७ ते ०.०२० इंच असावी.

ठिणगीच्या बाबतीत बहुतेक वेळा दोष पॉइंटचा, म्हणजे ठिणगीसाठी विजेचा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांचाच असतो. ते इंजिनाच्या बाजूला एका लहान झाकणाखाली असतात आणि कॅमवरून येणारी एक बारीक दांडी त्यांना उघडते. वर्षानुवर्षे पडून राहिल्यामुळे त्यांच्यावर राखाडी थर चढतो, तो बारीक पॉलिश पेपरने काढून मग कोऱ्या कागदाने पुसून घ्या. फट फीलर गेजने वीस थाऊ, म्हणजे ०.०२० इंच ठेवा आणि प्लगची ०.०३५ इंच. परंतु वीस थाऊ ही फक्त सुरुवात आहे. आवरणातील लहान छिद्रातून फ्लायव्हीलवरची ‘एस’ खूण दिसते. ती खूण समोर येते त्याच क्षणी पॉइंट उघडायला हवेत. हे टेस्ट लॅम्प लावून पाहिले आणि फट त्याप्रमाणे किंचित कमी-अधिक केली, तर इंजिन ज्या सहजतेने सुरू होते ती केवळ गेजवर विसंबून कधीच मिळत नाही. पॉइंटला जोडलेला जुना कंडेन्सर मात्र फेकू नका. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतलेला नवा कंडेन्सर आठवड्याभरात निकामी झाला आणि साठ वर्षांचा जुना परत लावल्यावर ट्रॅक्टर पूर्वीसारखा चालू लागला.

पेट्रोलची टाकी, नळ्या आणि काचेची वाटी धुऊन घ्या, रबरी नळ्या नव्या लावा. अमेरिकेतल्या पेट्रोलमध्ये सहसा दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतले पाणी ओढून घेते, म्हणून काम संपले की पेट्रोलचा कॉक बंद करण्याची सवय लावा. कार्ब्युरेटरची मुख्य सुई हलक्या हाताने शेवटपर्यंत बसवून साधारण दोन फेरे उलटी सोडा. घट्ट आवळली तर तिच्या टोकाला खाच पडते आणि मग ती कधीच नीट जुळत नाही.

या ट्रॅक्टरला सेल्फ आणि डायनामो वेगवेगळे नाहीत. पट्ट्यावर फिरणारे एकच यंत्र दोन्ही कामे करते. बॅटरी किंवा कटआउट (चार्जिंग नियंत्रित करणारा रेग्युलेटर) बदलल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, कटआउटच्या बॅटरी आणि जनरेटर या दोन टोकांना वायरचा तुकडा क्षणभर टेकवावा लागतो, म्हणजे डायनामोची चुंबकीय दिशा बरोबर बसते. हे न केल्यामुळे ‘चार्जिंग होत नाही’ म्हणून चांगले डायनामो बदलले गेलेले मी पाहिले आहेत.

आता डेक चालवणाऱ्या पुढच्या क्लच-पुलीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. ही पुली क्रँकच्या टोकावर तीन छिद्रांतील स्क्रूंनी धरलेली असते आणि तिन्ही स्क्रू काढले की ती सुटेल असे वाटते. ती सुटत नाही, कारण प्रत्येक छिद्रात एकामागे एक असे दोन स्क्रू आहेत. बाहेरचा निघाल्यावर आतला दिसतही नाही, कारण त्याच्या षटकोनी खाचेत मातीचा आणि ग्रीसचा दगडासारखा गोळा झालेला असतो. तशा अवस्थेत पुलर, म्हणजे पुली ओढून काढणारे साधन, लावले तर पुली फुटते किंवा क्रँकवर खोल चरे पडतात. दाभणाने खाच तळापर्यंत कोरा, गंज सोडवणारे तेल घालून दोन दिवस थांबा, एलन की हातोडीने ठोकून पूर्ण आत बसवा आणि मगच फिरवा. सहाही स्क्रू बाहेर येऊन टेबलावर मोजले जाईपर्यंत पुलर हातात घेऊ नका.

मागच्या गिअरबॉक्सचे ऑइल दुधाळ असेल तर ते बदलून हायट्रान हे गिअरबॉक्सचे ऑइल भरा. क्लच सोडताना खट्ट असा आवाज येत असेल तर इंजिनाचा जोर मागच्या गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या दांड्याच्या मागच्या जोडातली पिन झिजली आहे. ती लवकर बदलली नाही तर तिचे भोक लांबट होते आणि मग पूर्ण जोडच बदलावा लागतो. जुन्या क्लच-प्लेटमध्ये आणि पॅकिंगमध्ये ॲसबेस्टॉस असू शकते, म्हणून तिथली धूळ फुंकून किंवा हवेच्या दाबाने उडवू नका, ओल्या कापडाने पुसा.

डेक उलटा करून चिकटलेले गवत खरवडून काढा, पत्रा त्या ओलाव्यानेच कुजतो. पाती धरणारे दांडे हाताने फिरवा. खरखर लागली तर बेअरिंग काढून त्यावर कोरलेला नंबर वाचा आणि त्याच नंबरचे बेअरिंग कोणत्याही बेअरिंगच्या दुकानातून घ्या. पात्यांना धार लावल्यावर प्रत्येक पाते मधल्या भोकातून खिळ्यावर टांगून पाहा. एक बाजू खाली गेली तर त्या बाजूने आणखी घासा, नाहीतर नवे बेअरिंगही एका मोसमात जाईल.

मोठा गंजलेला भाग असेल तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून बॅटरी चार्जरची ऋण तार त्याला आणि धन तार साध्या लोखंडाच्या तुकड्याला जोडा, गंज रात्रीत सुटतो. स्टेनलेस स्टील वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते, आणि हे काम उघड्या जागीच करा कारण त्यात हायड्रोजन वायू निघतो. रंग सगळ्यांत शेवटी.

बर्फाच्या पात्याला खालच्या कडेला बोल्टने लावलेली लोखंडी पट्टी असते. ती पात्याच्या कडेपर्यंत झिजली असेल तर उलटवून किंवा बदलून घ्या, मागच्या चाकांना साखळ्या आणि वजने लावा, आणि तुमचा उतार तीव्र असेल तर आडवे न जाता सरळ वर-खाली चालवा. आडव्या उतारावर ट्रॅक्टर उलटण्याचा धोका तर आहेच, शिवाय ऑइल एका बाजूला गोळा होऊन रॉडच्या पळीला लागतच नाही.