परदेशी लष्करी मोहिमेवरून आघाडी सरकार खरोखर पडते का?

तुमचा प्रश्न असा आहे की, सैन्य परदेशी मोहिमेवर पाठवण्यास आघाडीतील एका पक्षाने विरोध केला, तर सरकार खरोखर कोसळते का, की शेवटी सगळे सत्तेसाठी जुळवून घेतात. दोन्ही घडते, आणि दोन्ही एकाच देशात, एकाच मोहिमेच्या बाबतीत, चार वर्षांच्या अंतराने घडलेले आहे. तो देश नेदरलँड्स आणि ती मोहीम अफगाणिस्तानातील उरुझगान प्रांतातील. सरकार पडले तेव्हा मी नोकरीनिमित्त डेल्फ्टमध्ये राहत होतो, त्यामुळे या विषयावर मी थोडे विस्ताराने लिहीत आहे.

या देशात सैन्य बाहेर पाठवण्याचा विषय इतका नाजूक का आहे, हे स्रेब्रेनित्साचा उल्लेख केल्याशिवाय समजत नाही. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातील या गावाच्या रक्षणासाठी संयुक्त राष्ट्रांच्या वतीने डच बटालियन तैनात होती आणि तिच्या डोळ्यांदेखत गाव सर्ब फौजांच्या हाती गेले. त्यानंतर सुमारे ८,००० बोस्नियन मुस्लिम पुरुष आणि मुले मारली गेली. त्यासंबंधीचा चौकशी अहवाल एप्रिल २००२ मध्ये आला, तेव्हा पंतप्रधान विम कोक यांच्या संपूर्ण मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. दरम्यान राज्यघटनेत कलम १०० आले होते. त्यानुसार आंतरराष्ट्रीय मोहिमेसाठी सैन्य पाठवण्यापूर्वी सरकारने संसदेला सविस्तर माहिती देणे बंधनकारक आहे. कागदावर हा केवळ माहितीचा अधिकार असला, तरी प्रत्यक्षात संसदेत भक्कम बहुमत असल्याशिवाय कोणतेही डच सरकार सैनिक बाहेर पाठवत नाही. त्यामुळे मतभेद मंत्रिमंडळाच्या बंद दारामागे फार काळ राहत नाहीत, ते सभागृहात येतातच.

उरुझगानचा पहिला वाद २००५-०६ च्या हिवाळ्यात झाला. पंतप्रधान यान पेटर बाल्केनेंडे यांच्या तेव्हाच्या आघाडीतील सर्वांत लहान पक्ष ‘डी-६६’ याला ही मोहीम मान्य नव्हती. त्यांचे म्हणणे असे होते की, या प्रांतात पुनर्बांधणी होणार नाही, लढाईच होईल. सरकारने ठाम निर्णय जाहीर करण्याऐवजी केवळ ‘इरादा’ जाहीर केला आणि संसदेच्या कौलाची वाट पाहिली. २ फेब्रुवारी २००६ रोजी मोहिमेला मोठे बहुमत मिळाले, कारण विरोधी बाकांवरील मजूर पक्षाने पाठिंबा दिला. ‘डी-६६’ने विरोधात मत दिले, पण सरकार सोडले नाही, आणि त्यांचे संसदीय नेते बोरिस डिट्रिख यांनी दुसऱ्याच दिवशी पद सोडले. म्हणजे विरोध नोंदवला गेला, एका माणसाने त्याची किंमत मोजली आणि मंत्रिमंडळ शाबूत राहिले.

चार वर्षांनी नेमके उलटे घडले, तेही त्याच मजूर पक्षामुळे. २००७ मध्ये बाल्केनेंडे यांच्या ख्रिस्ती लोकशाही पक्षाने (४१ जागा) मजूर पक्ष (३३) आणि क्रिस्टेन-उनी (६) यांच्यासह नवी आघाडी केली, म्हणजे १५० पैकी ८० जागा. त्याच वर्षाच्या अखेरीस उरुझगानची मुदत दोन वर्षांनी वाढवण्यात आली, मात्र २०१० मध्ये डच सैन्य तिथून बाहेर पडेल, असे सरकारने लेखी सांगितले. माझ्या मते संपूर्ण प्रकरणाचे मूळ या एका वाक्यात आहे. मजूर पक्षाने वाढीव मुदत स्वीकारली ती हे आश्वासन हातात घेऊनच, आणि पुढील दोन वर्षे त्यांनी आपल्या मतदारांना तेच सांगितले. ऑक्टोबर २००९ मध्ये संसदेनेही ठराव करून उरुझगानमधील कामगिरी ठरल्या वेळी संपवण्यास सांगितले, आणि त्या ठरावामागे सत्ताधारी आघाडीतलेच दोन पक्ष होते.

त्यानंतर फेब्रुवारी २०१० च्या सुरुवातीला नाटोचे सरचिटणीस आंद्रस फो रासमुसेन यांचे पत्र आले. डच सैन्याने लहान स्वरूपात, प्रशिक्षणावर भर देऊन, आणखी एक वर्ष थांबावे, अशी ती विनंती होती. वादाचा मुद्दा असा झाला की, असे पत्र येण्यास मंत्रिमंडळातूनच हिरवा कंदील मिळाला होता का. परराष्ट्रमंत्री मॅक्सिम व्हरहाखन एक सांगत होते आणि उपपंतप्रधान व अर्थमंत्री असलेले मजूर पक्षाचे नेते वाउटर बोस दुसरे. गुरुवारी, १८ फेब्रुवारीला, संसदेत या दोघांमधील विसंगतीवर रात्री उशिरापर्यंत चर्चा झाली. एकाच सरकारचे दोन मंत्री एकमेकांचे म्हणणे खोडत आहेत, हे दृश्य लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिले. शुक्रवारी मंत्रिमंडळ बसले ते शनिवारी पहाटे चारच्या सुमारास उठले, आणि बाल्केनेंडे यांनी जाहीर केले की, परस्पर विश्वासच उरला नसल्याने पुढे चालणे शक्य नाही.

त्या शनिवारी सकाळी मी पाव आणायला बाहेर पडलो, तर शेजारच्या निवृत्त शिक्षिका दारातच भेटल्या. त्यांच्या बहिणीचा मुलगा आदल्या वर्षी तारिन कोट येथील डच तळावर होता, आणि त्या काळात त्यांच्या स्वयंपाकघरात एक कॅलेंडर टांगलेले असे, त्यावर त्याच्या परतीच्या तारखेभोवती लाल गोल काढलेला होता. त्या मला एवढेच म्हणाल्या, “तारीख दिली होती ना? मग ती पाळायला हवी.” कोणत्याही पक्षाच्या भाषणापेक्षा हे वाक्य माझ्या अधिक लक्षात राहिले, कारण तोपर्यंत या मोहिमेत २१ डच सैनिक मरण पावले होते. त्यांत संरक्षण दलप्रमुख पेटर फान उम यांचा मुलगाही होता. वडिलांनी पदाची सूत्रे घेतली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, एप्रिल २००८ मध्ये, रस्त्याकडेच्या बॉम्बने त्याचा बळी घेतला होता.

बोस यांच्यावर टीका झाली की, ३ मार्चला नगरपालिकांच्या निवडणुका असल्यामुळे त्यांनी हा पवित्रा घेतला. वेळेचा फायदा त्यांना दिसत नसेल, असे मी म्हणणार नाही. पण दिलेला शब्द मोडून आघाडीत राहणे त्यांना अधिक महागात पडले असते, आणि तो शब्द पाळला जाणे योग्यच होते, असे मला आजही वाटते. जूनच्या निवडणुकीत मजूर पक्ष ३३ वरून ३० वर आला, तर बाल्केनेंडे यांचा पक्ष ४१ वरून २१ वर घसरला. या साऱ्या हिशेबात उरुझगानच्या लोकांना कोणीच विचारले नाही, ही खंत मात्र राहते. १ ऑगस्ट २०१० रोजी डच सैन्याने प्रांताची सूत्रे अमेरिकी आणि ऑस्ट्रेलियन सैन्याकडे सोपवली.

आता तुमच्या प्रश्नाचे नेमके उत्तर. ‘डी-६६’चा विरोध सुरुवातीपासूनचा होता, पण त्यांच्या मतांवाचूनही मोहिमेला बहुमत मिळत होते, म्हणून सरकार वाचले. २०१० मध्ये मजूर पक्षाशिवाय आघाडीकडे फक्त ४७ जागा उरत होत्या आणि प्रश्न धोरणाचा न राहता शब्दाचा झाला होता. जानेवारी २०११ मध्ये मार्क रुटे यांच्या अल्पमतातील सरकारने कुंदुझमध्ये पोलीस प्रशिक्षण मोहीम पाठवायचे ठरवले, तेव्हा त्यांना बाहेरून टेकू देणाऱ्या खेर्ट विल्डर्स यांच्या पक्षाने उघड विरोध केला, तरी सरकारला धक्का लागला नाही. विरोधी बाकांवरच्या ग्रीन-लेफ्ट, ‘डी-६६’ आणि क्रिस्टेन-उनी यांनी, प्रशिक्षित पोलीस युद्धात वापरले जाणार नाहीत अशी अट घालून, कमी पडणारी मते पुरवली.