ब्रेक, रिटर्न आणि फायनली: सुरुवातीला एवढे सांभाळा

ब्रेक (लूप मध्येच थांबवणारी आज्ञा) लिहिला की फायनलीतला, म्हणजे ट्राय ब्लॉकमधून बाहेर पडताना चालणारा आवराआवरीचा, कोड वगळला जाईल, ही शंका बहुतेक नवशिक्यांना येते. परंतु जावा, पायथन आणि सी-शार्प या तिन्ही भाषांत लूपच्या आतील ट्राय ब्लॉकमधून (चूक होऊ शकेल असा कोड जिथे ठेवतात, त्या भागातून) ब्रेक, कंटिन्यू (पुढच्या फेरीला जाणे) किंवा रिटर्नने (फंक्शनमधून परतणे) बाहेर पडताना आधी फायनली चालतो आणि मगच नियंत्रण पुढे जाते. त्यामुळे फायनलीत फाइल बंद केली असेल, तर ब्रेकच्या आधी ती पुन्हा वेगळी बंद करण्याची गरज नाही.

खरी काळजी घ्यावी ती एका गोष्टीची: फायनलीतूनच बाहेर उडी मारणारा ब्रेक किंवा रिटर्न लिहू नका. जावा व पायथनमध्ये तसे केल्यास वर जाणारी एक्सेप्शन (कोड चालताना आलेल्या चुकीची सूचना) निमूटपणे गिळली जाते, आधीचे रिटर्न मूल्यही हरवते आणि चूक शोधायला धागाच उरत नाही. पायथन ३.१४ याबद्दल इशारा देतो, तर सी-शार्पचा कंपायलर असा कोड मुळातच नाकारतो. मला हा कडकपणा अधिक पसंत आहे.

ट्राय लूपच्या बाहेर असेल, तर फायनली प्रत्येक फेरीला नव्हे, शेवटी एकदाच चालतो. गो भाषेतील डिफर (आवराआवरीचे काम नंतरसाठी राखून ठेवणारी आज्ञा) तर लूपमध्ये लिहिला तरी फंक्शन संपेपर्यंत थांबतो, म्हणून तेथे फाइली उघड्याच साचत जातात. एकात एक ट्रायचा क्रम सध्या बाजूला ठेवा; आधी प्रत्येक मार्गावर एकेक प्रिंट लिहून कोणती ओळ कधी छापली जाते ते पाहा.