रिक्रूटर व्हायचं ठरवण्याआधी

नाशिक

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज नीट वाचला. सहा वर्षं जावात कोड लिहिल्यावर तुला टेक्निकल रिक्रूटमेंटमध्ये, म्हणजे आयटीतल्या जागांसाठी माणसं शोधण्याच्या कामात, यावंसं वाटतंय, घरी ते पटत नाहीये आणि मी काय म्हणते ते तुला ऐकायचंय. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींत उरकण्यासारखा हा विषय नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

कंटाळा कोडिंगचा आलाय की आत्ताच्या प्रोजेक्टचा, हे आधी स्वतःला विचार. तेच जुनं अ‍ॅप्लिकेशन सांभाळत रात्री-अपरात्री सपोर्टचे कॉल घेतले की कोणीही थकेल. तेवढंच असेल तर टीम बदल, कंपनी बदल. त्यासाठी क्षेत्र सोडायची गरज नाही. पण इंटरव्ह्यू पॅनेलवर बसलास की वेळ कसा जातो कळत नाही, आणि पॅनेलने नाकारलेल्या एका मुलीसाठी तू मॅनेजरशी भांडलास, असंही तू लिहिलंयस. ते वाचलं आणि तुला या कामात यावंसं वाटतंय ते उगाच नाही, हे मला पटलं.

या कामात तुझी खरी किंमत कुठे आहे ते सांगते. रिक्रूटरच्या हातात येणारी जेडी (जॉब डिस्क्रिप्शन, म्हणजे जागेचं काम आणि अटी लिहिलेला कागद) बऱ्याचदा जुन्या जेडींचे तुकडे जोडून केलेली असते. फास्टएपीआय हे पायथॉनचं फ्रेमवर्क ज्याने बनवलं त्या सेबास्टियन रामिरेझने 2020 मध्ये जाहीरपणे लिहिलं होतं, की एका जाहिरातीत फास्टएपीआयचा 4 वर्षांहून जास्त अनुभव मागितलाय आणि मला अर्ज करता येणार नाही, कारण मी ते बनवलं त्यालाच दीड वर्ष झालंय. अशी जेडी आली की बहुतेक जण ती जशीच्या तशी नोकरी डॉट कॉमवर टाकतात. जेडीत काफ्का (सिस्टीममध्ये सतत येणारा डेटा वाहून नेणारं सॉफ्टवेअर) मागितलं असेल, तर तू मात्र मॅनेजरकडे जाऊन विचारू शकतोस, "काफ्कावर रोज नवीन काम आहे, की आधीच बसवलेलं नुसतं सांभाळायचंय?" सांभाळायचं असेल तर ती अट गळते आणि कालपर्यंत बाद ठरणारी कितीतरी चांगली मुलं आज बोलावता येतात. हा प्रश्न विचारायचा धीर आणि त्यावरचं उत्तर पारखायची नजर तुला सहा वर्षांच्या कामाने दिली आहे. ती शाबूत ठेव. रिक्रूटर झालास तरी कोड वाचणं सोडू नकोस. नवं काय येतंय ते हाताने करून बघत जा.

उमेदवाराशी बोलतानाही तेच. रेझ्युमेवर "मोनोलिथमधून मायक्रोसर्व्हिसेसमध्ये मायग्रेशन" असं लिहिलेलं असतं, म्हणजे एकसंध मोठं सॉफ्टवेअर फोडून छोट्या स्वतंत्र सर्व्हिसेस केल्या. शब्द जुळले म्हणून पुढे पाठवू नकोस. पहिली सर्व्हिस कुठली वेगळी काढली, डेटाबेस वेगळा केला की एकच ठेवला, रात्री बंद पडलं तर फोन कुणाला यायचा, हे विचार. ज्याने काम केलंय तो यावर खुलून बोलायला लागतो. इंग्रजीत अडखळणारी आपल्याकडची कितीतरी मुलं अशा प्रश्नांना मराठीत झरझर उत्तरं देतात, आणि ती सापडली की मला फार आनंद होतो. बूलियन सर्चची, म्हणजे AND-OR ने शब्द जोडून रेझ्युमे शोधण्याची, भीती बाळगू नकोस. डेटाबेससाठी एसक्यूएल लिहिणाऱ्याला ते एका संध्याकाळचं काम आहे.

आता पैशाचं. कन्सल्टन्सी (कंपन्यांना माणसं शोधून देणारी एजन्सी) साधारणपणे उमेदवाराच्या वार्षिक सीटीसीच्या (वर्षाच्या एकूण पगाराच्या) 8.33 टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार, कंपनीकडून फी म्हणून घेते. उमेदवाराकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो. जिथे घेतात तिथे पाऊलसुद्धा टाकू नकोस. ठरलेल्या मुदतीच्या आत माणूस सोडून गेला तर बदली उमेदवार फुकट द्यावा लागतो, अशी अटही करारात असते. त्यामुळे कसंही करून जॉईन करवायचं, असा दबाव येतो. आधी दोन वर्षं कन्सल्टन्सीत घासून घे, असं तुला बरेच जण सांगतील. इंजिनीअरसाठी मला ते पटत नाही. तिथे दिवसाला किती रेझ्युमे पाठवले ते मोजतात, आणि तुझी नजर नेमकी तिथेच वाया जाते. शक्यतो कंपनीच्या स्वतःच्या टॅलेंट अ‍ॅक्विझिशन (टीए) टीममध्ये, म्हणजे त्याच कंपनीसाठी भरती करणाऱ्या टीममध्ये, जा. सुरुवातीला पगार आत्तापेक्षा कमी मिळेल असं धरून चाल. घराचा हप्ता चालू असेल तर आधी ते गणित मांड.

सगळ्यात जास्त मन पोळतं ते ऑफरनंतर. आपल्याकडच्या आयटीत 90 दिवसांचा नोटीस पीरियड सर्रास आहे. त्या तीन महिन्यांत उमेदवाराला जुनी कंपनी काउंटर ऑफर देते, आणखी दोन ऑफर येतात, आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद. चिडू नकोस. पहिल्याच कॉलला विचार, नोकरी का सोडायचीय? पगारासाठीच असेल, तर जुनी कंपनी पगार वाढवून त्याला थांबवू शकते. मॅनेजरशी पटत नाही, आई-वडिलांजवळ राहायचंय, असं काही असेल तर तो येण्याची शक्यता जास्त. नोटीसच्या काळातही अधूनमधून बोलत राहा.

ज्याची निवड झाली नाही त्यालाही कळव. हे मी कळकळीने सांगते. तीन राऊंड देऊन आठवडाभर फोनकडे बघत बसलेल्या मुलाला "नाही" एवढं तरी ऐकायचा हक्क आहे. पॅनेलने कारण दिलं असेल आणि सांगण्यासारखं असेल, तर तेही सांग.

धोकाही माहीत असू दे. भरती थांबली की भरती करणारे आधी घरी बसतात. नोव्हेंबर 2022 मध्ये मेटाने 11,000 हून जास्त लोकांना काढलं तेव्हा रिक्रूटिंगला जास्त झळ बसेल, असं कंपनीने स्वतःच सांगितलं होतं. सप्टेंबर 2023 मध्ये गूगलनेही रिक्रूटिंग टीममधल्या शेकडो लोकांना काढलं. आणि दोन-तीन वर्षांनी कोडिंगकडे परतायचं म्हटलं तर ते कठीण जातं. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय राजीनामा देऊ नकोस.

नाशिकमध्ये राहूनच हे करायचंय म्हणालास, त्यात मला तुझी जमेची बाजू दिसते. सातपूरला बॉशमध्ये डिझेल इंजेक्टर बनतात, महिंद्राचा कारखाना आहे, ओझरला विमानं बनवणारी एचएएल आहे. कारखान्यातल्या मशीनची भाषा आणि सॉफ्टवेअर दोन्ही समजणारी मुलं इथे घडतात. एम्बेडेड सी (यंत्राच्या आतल्या चिपसाठीचं कोडिंग) किंवा पीएलसीचा (कारखान्यातली मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) माणूस पारखायला पुण्या-बंगळुरूच्या रिक्रूटरला फार शोधाशोध करावी लागते. तू इथल्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या चहाच्या टपरीवर बसूनही चार जणांची चौकशी करू शकतोस. शिवाय हिंजवडीत राहून नाशिकला परतायची वाट बघणारे खूप आहेत. त्यांची यादी आजपासून करायला घे, पण विचारूनच. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानंतर कुणाचाही रेझ्युमे त्याला न विचारता इकडेतिकडे फिरवणं अजिबात चालणार नाही.

"इंजिनीअर होऊन आता लोकांना नोकऱ्या लावत फिरणार का?" असं वडील म्हणतात ना? त्यांच्याशी वाद घालू नकोस. मुलाचं शिक्षण वाया जाईल ही त्यांची काळजी आहे, आणि ती रास्त आहे. तू काफ्काचा प्रश्न कसा विचारतोस ते त्यांना एकदा समोर बसून ऐकू दे.

तोवर तुमच्याच कंपनीच्या टीए टीमकडे जाऊन सांग, की कित्येक महिने न भरलेली एक जागा मला द्या, माझं काम सांभाळून मी शोधतो. जेडी तू लिही, फोन तू कर, नकारही तूच कळव. जमलं नाही तरी या कामात रोज काय करावं लागतं ते कळेल.

तशी जागा मिळाली की तिची जुनी जेडी घेऊन एखाद्या रविवारी सकाळी गंगापूर रोडला घरी ये. आदल्या दिवशी फोन कर. आपण दोघं बसून त्यातल्या कुठल्या अटी खरंच लागतात ते ठरवू.

तुझी,
ताई