नॉर्मल फॉर्ममधली होमोक्लिनिक कक्षा मूळ प्रणालीत असतेच का?

आपण विचारले आहे, की चार मितींच्या प्रतिवर्ती प्रणालीत (काळ उलटा फिरवून सोबत एक परावर्तन केले तरी न बदलणाऱ्या समीकरणांत) नॉर्मल फॉर्म, म्हणजे समीकरणांचे पद-पद करून सोपे केलेले रूप, कितव्या कोटीपर्यंत काढला म्हणजे होमोक्लिनिक कक्षेचे, म्हणजे समतोल बिंदूतून निघून त्याच बिंदूकडे परतणाऱ्या कक्षेचे, अस्तित्व सिद्ध झाले असे मानावे. याच प्रश्नापायी १९९८ साली माझी तोंडी परीक्षा बिघडली होती, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

माझा विषय पाण्यावरील एकाकी लाटांचा होता; दोन्ही बाजूंना सपाट पाण्यात विरणारी अशी लाट म्हणजेच समीकरणांतली होमोक्लिनिक कक्षा. पृष्ठताण धरून समीकरणे लाटेबरोबर सरकत्या चौकटीत मांडली आणि बाँड अंक (पृष्ठताणाचे गुरुत्वाशी गुणोत्तर) १/३ हून कमी असला, तर मूळबिंदूपाशी, म्हणजे सपाट पाण्याच्या समतोलापाशी, आयगेन मूल्यांत (जवळपासची गती वाढते, विरते की दोलते हे सांगणाऱ्या संख्यांत) दुहेरी शून्य आणि शुद्ध काल्पनिक मूल्यांची एक जोडी उरते. पाण्याची खोली सुमारे ५ मिलिमीटरच्या वर गेली की हा अंक १/३ च्या खाली येतो, म्हणजे गोव्यातली मांडवी नदीच काय, अंगणातले डबकेही त्यात बसते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले, "मग खरी एकाकी लाट आहे की नाही?" मी म्हणालो, "बहुधा नाही." त्यांनी फळ्याकडे बोट दाखवले. "अहो, तुम्हीच काढलेल्या नॉर्मल फॉर्ममध्ये प्रत्येक कोटीला ती कक्षा दिसते आहे, आणि तुम्हीच नाही म्हणता?" माझे मार्गदर्शक गप्प राहिले, मलाही काही सुचले नाही, आणि अहवालात 'निष्कर्ष निराधार' असा शेरा पडला.

सुचले ते संध्याकाळी, रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत, खिशातल्या वीजबिलाच्या पाठीवर. परावर्तनाखाली स्थिर राहणाऱ्या बिंदूंचे प्रतल दोन मितींचे असते, तर मूळबिंदूचे अस्थिर मॅनिफोल्ड, म्हणजे त्या बिंदूतून बाहेर पडणाऱ्या कक्षांचा संच, एकाच मितीचे. सममित होमोक्लिनिक कक्षेसाठी ही दोन भेटावी लागतात. चार मितींच्या अवकाशात वक्र आणि प्रतल सहसा भेटतच नाहीत. नॉर्मल फॉर्ममध्ये ती भेटतात, कारण तिथे दोलनाचा आयाम अक्षय राहतो, आणि ही सममिती मूळ प्रणालीत नसते. दोहोंतला फरक 'ई'च्या 'उणे पाय भागिले एप्सिलॉन' या घातासारखा असतो; एप्सिलॉन म्हणजे प्रणालीतले लहान प्राचल. एप्सिलॉन ०.१ धरला तर ही राशी १०^-१३ पेक्षाही लहान भरते, आणि शून्यापाशी तिच्या टेलर श्रेणीचे सर्व सहगुणक शून्य असल्यामुळे आपण कितव्याही कोटीपर्यंत गेलात तरी ती हाती लागणार नाही. एरिक लोम्बार्दी यांच्या २००० सालच्या पुस्तकात हे सिद्ध केलेले आहे: सर्वसाधारणपणे कक्षा मूळबिंदूकडे परतत नाही, तर एका अतिसूक्ष्म आवर्ती कक्षेकडे परतते, म्हणजे लाटेच्या दोन्ही बाजूंना न विरणाऱ्या तरंगांची झालर राहते.

तेव्हा सहगुणकांच्या मागे लागण्याआधी मिती मोजाव्यात. आपली प्रणाली १:१ अनुनादाजवळची असेल, म्हणजे काल्पनिक आयगेन मूल्यांच्या दोन जोड्या एकमेकींवर येत असतील, आणि ती चारही मूल्ये काल्पनिक अक्षाबाहेर पडली असतील, तर अस्थिर मॅनिफोल्ड दोन मितींचे होते. मग तिसऱ्या कोटीतल्या सहगुणकाचे चिन्ह योग्य असले की पुरते. यॉस आणि पेरूएम या गणितज्ञांचा १९९३ चा निकाल तोच आहे, मात्र नॉर्मल फॉर्ममधल्या वर्तुळभर कक्षांपैकी टिकण्याची हमी दोनच सममित कक्षांना मिळते.

हेही सांगितले पाहिजे, की ही मोजणी सर्वसाधारण प्रणालींपुरती आहे. प्राचलाच्या सुट्या, विशिष्ट मूल्यांना मूळबिंदूकडे परतणारी कक्षा पहिल्या, म्हणजे दुहेरी शून्याच्या, प्रकारातही सापडू शकते, आणि असममित कक्षांविषयी ही मोजणी काहीच सांगत नाही. म्हणूनच मी त्या दिवशी 'बहुधा' म्हणालो होतो. अहवालात तो शब्द उतरलाच नाही.