लष्करात हाताखालच्या जवानांना नेतृत्वासाठी कसं तयार करावं?

हुकूम देताना काय साधायचं आणि कशासाठी, एवढं स्पष्ट सांगा. कसं करायचं ते त्यांच्यावर सोडा. प्रशियाच्या (जुन्या जर्मन राज्याच्या) सैन्यात १९व्या शतकात ही पद्धत रुजली, कारण वरून दुसरा हुकूम येईपर्यंत लढाईचं चित्र पालटलेलं असतं.

सरावात सेक्शन कमांडरला (छोट्या तुकडीच्या प्रमुखाला) मध्येच ‘जखमी’ ठरवा आणि खालच्याला सूत्रं घ्यायला लावा. कोण गडबडतो, कोण सावरतो, लगेच दिसतं. सराव संपला की तिथेच बसून बोला: काय ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला? अमेरिकी सैन्यात १९७०च्या दशकापासून हे चालत आलंय. इथे हुद्दा बाजूला ठेवावा लागतो (अधिकाऱ्यांना हेच सगळ्यात जड जातं). चूक आधी स्वतःची सांगा, नाहीतर जवान ‘जी सर’च्या पुढे जात नाहीत.