नुसता वाचला तर?

प्रश्न : रावेरला आमचा केळीचा वजनकाटा आहे. काट्यावरचं वजन थेट कॉम्प्युटरमध्ये घेणारं ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेलं) सॉफ्टवेअर मी लिहितोय. काटा बनवणाऱ्या कंपनीत पूर्वी असलेल्या मित्राकडे तिथला सोर्स कोड पेन ड्राइव्हवर आहे. कॉपी न करता, नुसता वाचून माझ्या पद्धतीने लिहिलं तर चालेल ना?
— एक वाचक, रावेर

उत्तर : भाऊ, तो पेन ड्राइव्ह लावूच नका.

कॉपीराइट कल्पनेवर नसतो, मांडणीवर असतो, हे खरं. पण १९५७च्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो, आणि वाचलेलं डोक्यातून पुसता येत नाही. भुसावळची नोकरी सोडल्यावर मी एका ओपन सोर्स प्रकल्पासाठी पावती छापायचा भाग लिहिला. जुनी फाइल समोर नव्हती. सगळं माझंच, असं मनापासून वाटत होतं. तपासणाऱ्याने विचारलं, ‘रिसीट’चं स्पेलिंग सगळीकडे एकसारखंच कसं चुकलंय? ती चूक जुन्या कंपनीच्या कोडमधली होती. माझ्या बोटांनी ती जशीच्या तशी उतरवली होती. तीन महिन्यांचं काम काढून टाकलं, तो भाग दुसऱ्याने नव्याने लिहिला.

आयबीएमने पीसीच्या बायोसचा, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा, कोड आपल्या तांत्रिक पुस्तकात छापला होता. तरी १९८४मध्ये फिनिक्स कंपनीने स्वतःचा बायोस काढला तेव्हा एका गटाने तो वाचून फक्त ‘काय व्हायला हवं’ ते लिहून दिलं, आणि कोड लिहिला तो मूळ कोड कधीच न पाहिलेल्याने. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा वाइन प्रकल्प विंडोजचा कोड पाहिलेल्यांकडून आजही कोड घेत नाही. तुमच्याकडचा कोड तर छापलेलाही नाही. तो कंपनीच्या गुपितातला. मित्रही त्यात अडकेल.

तुमच्या हातात काटा आहे, तोच खरा गुरू. कायदेशीर मिळालेल्या प्रोग्रॅमचं चालणं बघून, तपासून त्यामागचं तत्त्व समजून घ्यायला त्याच कायद्याचं कलम ५२ मुभा देतं. काट्यामागच्या सिरियल पोर्टला (वजन बाहेर पाठवणाऱ्या जोडणीला) केबल लावून ती कॉम्प्युटरला जोडा. काटा रिकामा असताना काय अक्षरं येतात ते वहीत उतरवा, मग २० किलो ठेवून, मग काटा हलत असताना. तारीख टाका, वही जपून ठेवा; उद्या कोणी बोट दाखवलं तर तीच कामी येईल. वैधमापनचं (वजनकाटे तपासणाऱ्या सरकारी खात्याचं) सील मात्र तोडू नका.

आणि पेन ड्राइव्ह आधीच उघडून झाला असेल, तर प्रकल्पातल्या लोकांना आजच सांगा आणि वजन वाचायचा भाग दुसऱ्याला लिहू द्या. वहीसुद्धा त्यानेच नव्याने भरावी.