खुनी सापडला, भांडण उरलं

मागच्या अंकात ज्या रहस्यकादंबरीचा परिचय दिला होता, तिच्यावरून सोलापूरच्या वाचकांत सरळ दोन तट पडलेत. पत्रांना उत्तरं द्यायची तर शेवट फोडावाच लागतो, म्हणून पुस्तकाचं नाव इथे मुद्दाम गाळलं आहे. ज्यांनी ते वाचलेलं नाही, त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात.

मे महिना, कारखान्याला सुट्टी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेडखाली यंत्रमाग. विणकर दुपारी १ वाजता कापडावर खडूची खूण करून घरी जातो आणि मालक एकटाच तो माग चालवत राहतो. ५.३० ला त्याचं प्रेत सापडतं. डॉक्टर म्हणतात, अंग अजून गरम आहे, म्हणजे पाचच्या सुमारास गेला. पाचला मुनीम रेल्वे स्टेशनवर होता, त्यामुळे त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही. शेवटी कापडाच्या लांबीवरून कळतं की माग २.१० लाच थांबला होता. आणि गेटच्या वहीत मुनीमाची बाहेर पडल्याची सही आहे २.२० ची.

पहिली ऐंशी पानं सरता सरत नाहीत. पुढे वाचू की परत करू? – एक वाचक, जुळे सोलापूर

प्रेत सापडण्याचं प्रकरण आधी वाचा आणि मग मागे या. मधली कौटुंबिक वाटणीची पानं चाळली तरी चालतील, पण गेटच्या वहीचा उल्लेख त्याच पानांत आहे, तेवढा सोडू नका.

शेवटी मुनीमच खुनी निघतो, ही शुद्ध फसवणूक आहे. आमच्या वाचनगटात निम्मे लोक म्हणतात, लेखकाने बाजी मारली. खरं काय? – बाळीवेस

लपवणं आणि खोटं सांगणं या दोन गोष्टी वेगळ्या. रहस्यकथेत लेखकाने लपवायचंच असतं. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरू-लेखकाने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातला पहिलाच असा की, गुन्हेगार कथेत लवकर दिसला पाहिजे, पण ज्याच्या मनातले विचार वाचकाला ऐकवले तो गुन्हेगार नसावा. नियमाचा पहिला अर्धा भाग इथे पाळलाय: मुनीम तिसऱ्या प्रकरणातच येतो, वही आणि खडूची खूणही वेळेवर दाखवली आहे. घोटाळा पाचव्या प्रकरणात होतो. मालक गेल्याचं ऐकून मुनीम सुन्न झाला, हे कुणी केलं असेल ते त्याला कळेना, असं लेखक स्वतःच्या निवेदनात सांगतो. ‘मुनीम सुन्न झाल्याचं इन्स्पेक्टरला वाटलं’ असं असतं तर आमची काही तक्रार नव्हती. ‘कुणी केलं कळेना’ हे मात्र धडधडीत खोटं आहे. तेव्हा तुमची तक्रार रास्त आहे, पण ती त्या एका परिच्छेदापुरती. पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन बसा. पात्रांच्या तोंडची वाक्यं सोडा, फक्त निवेदकाची तपासा. पात्रांना खोटं बोलायची मुभा असते, निवेदकाला नसते.

लेखकाने माग कधी जवळून पाहिलाय का? पुस्तकातला हिशोब असा: मिनिटाला १२० पिक (आडव्या धाग्याच्या फेऱ्या), इंचाला ४० पिक, म्हणून मिनिटाला ३ इंच, ७० मिनिटांत साडेसतरा फूट. असा कुठे माग चालतो? – अशोक चौक

आलेल्या पत्रांत सगळ्यात मार्मिक पत्र हेच. गुणाकारात चूक नाही. चूक आहे ती माग एकदाही न थांबता चालला असं धरण्यात. साध्या मागावर धोट्यातली कांडी (आडव्या धाग्याची गुंडाळी) संपली की माग थांबवून दुसरी घालायची, ताण्याचा म्हणजे उभा धागा तुटला की तो जोडायचा. एकूण वेळाच्या ८० टक्के माग चालला असं धरलं, तर मिनिटाला सरासरी २.४ इंच पडतात आणि साडेसतरा फूट कापडाला साडेसत्त्याऐंशी मिनिटं लागतात. म्हणजे माग थांबला २.२७ ला. तोवर मुनीम गेटबाहेर!

पण थांबा. मालक पडला त्याच क्षणी माग थांबत नाही. बाणा, म्हणजे आडवा धागा, संपल्यावर तो संपल्याचं ओळखणाऱ्या फोर्क नावाच्या काट्याने माग थांबतो, तोवर तो एकटाच खडखडत राहतो. २० नंबरच्या सुताची ३० ग्रॅमची कांडी ५० इंची पन्ह्यावर या वेगाने साडेसहा मिनिटांच्या आसपास पुरते. म्हणजे खून २.२७ च्या आधी, फार तर २.२१ पर्यंत मागे जातो. मुनीम एका मिनिटाने सुटला. आता ८० च्या जागी ८५ टक्के धरा: माग थांबतो २.२२ ला, खून २.१६ ते २.२२ च्या दरम्यान, आणि मुनीम पुन्हा अडकतो. अख्ख्या पुस्तकाचा निकाल या पाच टक्क्यांवर टांगलेला आहे आणि इन्स्पेक्टरला त्याचा पत्ता नाही. तोच माग, तेच सूत, तोच विणकर घेऊन तासभर चालवून पाहिलं असतं तर उत्तर मिळालं असतं. तो प्रसंग लिहिला असता तर तीच पुस्तकातली सर्वांत रंगतदार पानं झाली असती.

तीन तासांनी प्रेत गरम कसं राहील? – होटगी रोड

राहतं. प्रेत निवतं ते भोवतालची हवा अंगापेक्षा थंड असली तर. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीपार जातो, पत्र्याखाली तर त्याहून जास्त. तिथे प्रेत निवणारच नाही. इथे लेखकाला पैकीच्या पैकी गुण. डॉक्टर मात्र कच्चा रंगवलाय. त्याने जबडा आणि मान हलवून पाहायला हवी होती. ताठरपणा आधी पापण्यांत, मग जबड्यात, मानेत आणि तिथून खाली उतरतो, उन्हाळ्यात तर एक-दोन तासांतच सुरू होतो. पाठीवर उतरलेल्या रक्ताचे जांभळट डागही तोवर दिसू लागतात, अंगठ्याने दाबले की फिके पडतात. अर्ध्या तासापूर्वी मेलेल्या माणसात यातलं काहीच ठळक दिसत नाही.

मुनीम पोलीस ठाण्यात कबुली देतो आणि ‘केस संपली’ म्हणून पुस्तक मिटतं. वकिलांनी यावर हसावं की रडावं? – सात रस्ता

हसा. पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ आहे. त्या जबाबावरून हत्यार किंवा एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधापुरता भाग तेवढा चालतो. बाकीची कबुली दंडाधिकाऱ्यापुढेच नोंदवावी लागते. कादंबरीत हत्यार शेवटपर्यंत सापडत नाही. उरतो कापडाचा हिशोब, आणि त्याची गत अशोक चौकाच्या पत्रात आलीच आहे.

वाचनालयाच्या प्रतीत मुनीमाच्या पहिल्या उल्लेखापाशी कुणीतरी ‘हाच तो’ लिहून ठेवलंय. काय करावं? – नवी पेठ

पेन्सिल असेल तर मऊ खोडरबर एकाच दिशेने, कडेकडे फिरवा. मागेपुढे घासलं की कागद चुरगळतो. शाई असेल तर हात लावू नका, पान फाटेल. ग्रंथपालांना दाखवा. आणि लिहिणाऱ्याला सांगा, आधी विणकरांशी बोल, मग खात्री दे.